एका हाकेला ओ

ग्रंथपेट्या पावसाळ्याच्या आत परत आणायच्या असतात. एकदा नाले भरले की आमच्या तालुक्यातल्या निम्म्या गावांकडे चार महिने कुणी फिरकत नाही, आणि पत्र्याची पेटी कितीही घट्ट असली तरी ओल आत शिरतेच. मी शाळामास्तर, आणि कुरखेड्याच्या वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की हे काम माझ्याकडे ठरलेलं. पाच गावं, पाच पेट्या. प्रत्येक पेटीत तीस पुस्तकं, एक वही, एक कुलूप.

१९८७ च्या मे महिन्यातली ही गोष्ट. त्या वर्षी चार पेट्या मी पहिल्याच आठवड्यात आणल्या. पाचवी भिवटोल्याची. ती पुढे ढकलत राहिलो. भिवटोला हे कांताचं, माझ्या बायकोचं माहेर. ती वारली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

भिवटोल्याच्या पेटीत सगळी नवी पुस्तकं होती. मागच्या दिवाळीत नागपूरला जाऊन मी ती स्वतः निवडली होती. विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा. करकरीत मुखपृष्ठं, डिंकाचा आणि शाईचा वास अजून न गेलेला. आमचे अध्यक्ष वामनराव तेव्हा म्हणाले होते, "सर, खेड्यात शेतीची पुस्तकं पाठवा. चंद्रावरच्या यंत्राचं काय करतील ते?" मी म्हणालो, शेती ते दिवसभर करतातच. रात्री कंदिलापाशी तरी चंद्रावर जाऊ द्या.

त्या तिसांत एक पुस्तक माझं होतं. मी भयकथा लिहितो. चार संग्रह आधी निघाले होते, हा पाचवा. कांताने न वाचलेला पहिलाच.

आमची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी. प्रेसला जाणारं हस्तलिखित आधी कांताच्या हातात जायचं. ती सातवी शिकलेली. दुपारी भांडीकुंडी आवरली की दाराशी उजेडात बसून वाचायची. प्रत खराब होऊ नये म्हणून पेन्सिल लावायची नाही. बांगड्यांत अडकवलेली सेफ्टीपिन काढायची, पानाखाली तळहात धरायचा आणि समासात टोचायची. वाचताना अंगावर काटा आला, तर त्या ओळीपाशी एक छिद्र. काही खोटं वाटलं, तर शेजारी शेजारी दोन. मी पान उजेडाकडे धरून बघायचो. ज्या कथेत एकही एकेरी छिद्र नाही ती मी फाडून टाकायचो. एकदा मी भर दुपारी मोहाची फुलं टपटप पडताना लिहिलं. तिथे दोन छिद्रं.

"मोह पहाटे गळते," ती म्हणाली. "दुपारी गळाले त्याले भूत लागलं हाये काय?"

"भुताचीच गोष्ट आहे ना ती."

"म्हनून काय झालं? भूत खोटं असंल तं चालते. मोह खोटा नाई चालत."

वाचून झालं की पिन परत बांगड्यांत. पिन अडकवलेली असली की बांगड्यांचा नाद खुला येत नाही, थोडा बसका येतो. घरात ती कुठे आहे हे मला त्या नादावरून कळायचं.

वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले ताईत, उतारे, सगळं एका दिवसात बाहेर गेलं. भूत मी मानत नाही. लिहितो. कांताही मानायची असं नाही. माहेरच्या काही सवयी तेवढ्या तिच्या अंगात होत्या. त्यातली एक म्हणजे ती मला नेहमी दोनदा हाक मारायची. "लेखक... ओ लेखक!" पहिल्या हाकेला मी ओ दिली तर रागवायची. वीस वर्षांत माझीही तीच सवय झाली.

सकाळच्या एसटीने मी फाट्यावर उतरलो. तिथून भिवटोला दोन मैल, मोहाच्या आणि तेंदूच्या जंगलातून. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. वाटेत एका उघड्या जागेवर पानांचे पुडे ओळीने उन्हात मांडलेले होते, हजारोंनी, आणि राखायला कुणीच नव्हतं. वाळत्या पानांचा कडवट वास त्या जागेवर उभा होता. पाखरं गप्प होती. माझ्या चपलांखाली पाचोळा वाजायचा आणि मी थांबलो की सगळंच थांबायचं. कांता लग्नानंतर पहिल्यांदा मला याच वाटेने घेऊन आली होती. पुढे चालत होती आणि सारखी मागे वळून बघत होती, शहरातला माणूस उन्हाने पडतो की काय म्हणून.

गावात पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. सगळी माणसं पानांवर गेलेली. दारं पुढे लोटलेली, कुत्री सावलीत. पेटी पोचू मडावीच्या घरी असते. चौथी शिकलेला, पन्नाशीचा माणूस, कांताचा गावच्या नात्याने भाऊ.

"पोचूभाऊ!" मी अंगणातून हाक मारली.

उत्तर नाही. उंबऱ्यावरची मांजर माझ्याकडे बघत होती.

"पोचूभाऊ!"

"ओ! या न, जवाईबापू!" घराच्या मागूनच आवाज आला आणि हातातली दोरी तशीच घेऊन पोचू पुढे आला. "या, सपरीत बसा. पानी आनतो."

"मागेच होतात की. पहिल्यांदा ऐकू आलं नाही?"

"आलं न."

"मग?"

"भर दुपारी एका हाकेले कोन ओ देते, जवाईबापू?" तो हसला. "दोनदा मारली म्हनून आलो. ते एकदाच बोलावते. त्याले दुसऱ्यांदा तोंड नाई. आमची कांताबाई वीस वर्षं होती तुमच्या घरी, तिनं शिकवलं नाई काय?"

शिकवलं होतं. फार चांगलं शिकवलं होतं.

पोचूने आतून पेटी ओढत आणली, कुलूप काढलं आणि माझ्यासमोर वही ठेवली. कोणतं पुस्तक कुणी नेलं, कधी आणलं, आणि शेवटच्या रकान्यात वाचणाऱ्याचा अभिप्राय. हा रकाना मीच सुरू केला होता. नव्या पुस्तकांबद्दल चंद्रपूरच्या साप्ताहिकात मी लिहायचो, आणि या अभिप्रायांचा मला शहरातल्या टीकाकारांपेक्षा जास्त उपयोग व्हायचा. इसरूने चंद्रावरच्या कादंबरीपुढे लिहिलं होतं, ‘मानूस सहा महिने तिथी राहिला पन जेवला काय ते लिवलं नाई.’ एका भयकथासंग्रहापुढे मंगलीच्या अक्षरात होतं, ‘भूत बरं आहे. पण फार बोलते.’

"विमानाचं ते पुस्तक लई फिरलं," पोचू म्हणाला. "वाऱ्यावर शहर बांधलं ते. बिरजूनं तं तीनदा नेलं. म्हने, तिथी कर कोन घेते ते समजून राह्यलं नाई."

मी हसलो. पुस्तकं एकेक मोजून बाजूला ठेवत होतो. बहुतेकांचे कोपरे मऊ झाले होते, एकावर हळदीचा अंगठा होता. तळाशी माझं पुस्तक निघालं. दिवाळीला ठेवलं तसंच. वहीत त्याच्यापुढचा रकाना कोरा.

"हे कुणी नेलं नाही?"

पोचूने दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं. "नाई."

"का?"

"राग नका धरू. पहिल्या पानावर तिचं नाव हाये न... 'कांतास' म्हनून. लच्छूनं उघडलं आन् लगेच ठेवून देल्लं. म्हने, हे तिचं हाये, आपन कसं नेवाचं?" तो थोडा थांबला. "होळीपासून तं पेटीच उघडली नाई कोनी. आधी मोह, मंग पानं. चाबी माह्याच करदोट्याले हाये."

तो माझ्यासाठी भात टाकायला सांगतो म्हणून उठला. बायको पानांवरून आली नव्हती, म्हणून मग स्वतःच चुलीकडे गेला. मी पुस्तक उघडलं. का उघडलं, सांगता येत नाही. छापून आल्यापासून मी त्यातली शेवटची कथा वाचली नव्हती.

ती कथा मी तिच्यावर लिहिली होती. नावं बदलून. कथेतला नवरा जंगलखात्यातला, लाकडाच्या डेपोवर गेलेला. खरा नवरा नागपूरला प्रेसमध्ये होता. पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये माझ्या चौथ्या संग्रहाची शेवटची प्रुफं तपासायला मी गेलो होतो. कांताला चार दिवस ताप होता, पण उतरला होता. डॉक्टर म्हणाले, काळजी नाही. तीच म्हणाली, जा, नाहीतर दुसऱ्याच्या हातून मोह परत दुपारी गळेल. मी संध्याकाळच्या गाडीने परत आलो तेव्हा अंगणात माणसं उभी होती. ताप दुपारी पुन्हा चढला आणि डोक्यात गेला, असं मला सांगितलं.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, कथेतही लिहिली नाही. त्या दुपारी साडेबाराच्या सुमाराला, प्रेसमध्ये यंत्रं जेवणासाठी बंद होती आणि मी एकटाच प्रुफांवर वाकलो होतो, तेव्हा पाठीमागून हाक आली. "लेखक..." स्पष्ट. मी मान वर केली. ओठ उघडले. आणि सवयीने दुसऱ्या हाकेची वाट बघत बसलो.

दुसरी आली नाही. मी पुढची ओळ तपासायला घेतली.

म्हणून त्या कथेत, शेवटून दुसऱ्या पानावर, मी तीन वाक्यं तीन वेगळ्या ओळींत लिहिली होती:

घरात ती एकटीच होती.

तिने दोनदा हाक मारली.

कुणी ओ दिली नाही.

सपरीच्या, म्हणजे पडवीच्या, कडेने ऊन आत येत होतं. ते पान उलटताना माझ्या बोटांना समासात काहीतरी लागलं. बारीक, खरखरीत. कागद आतून वर आल्यासारखा. मी पुस्तक उन्हाकडे धरलं.

पहिल्या ओळीपाशी उजेडाचे दोन ठिपके होते. शेजारी शेजारी.

तिसऱ्या ओळीपाशी दोन.

मधल्या ओळीपाशी काहीच नव्हतं.

मी सगळं पुस्तक पानापानाने उजेडात धरलं. कुठेही दुसरं छिद्र नव्हतं. ना एकेरी, ना दुहेरी. वाळवी अशी मोजून भोकं पाडत नाही. आणि त्या खुणांचा अर्थ जगात दोनच माणसांना माहीत होता.

"काय पाहून राह्यले?" पोचू ताट घेऊन उभा होता.

"पोचूभाऊ, हे... तुमच्या घरी कुणी सुई, पिन..."

त्याने पुस्तक हातात घेतलं नाही. नुसतं वाकून बघितलं. छिद्रांतून आलेला उजेड माझ्या शर्टावर पडला होता, चार ठिपके. त्याने ते बघितले आणि ताट हळूच खाली ठेवलं.

"पेटी मी बैलबंडीत घालून बाजाराच्या दिवशी आनतो," तो म्हणाला. "हे तुम्ही घेऊन जा, जवाईबापू. आजच घेऊन जा."

एसटीत मी ते पुस्तक पिशवीत न ठेवता मांडीवर धरून बसलो होतो. ती एकटी होती, हे खोटं. कुणी ओ दिली नाही, हेही खोटं. तिने दोनदा हाक मारली, हे खरं. दोन वर्षं मी एकच गोष्ट उराशी घेऊन जगत होतो, की तिने मला बोलावलं आणि मी गप्प राहिलो. आता कुणीतरी मला सांगत होतं की तिला उत्तर मिळालं. मला आनंद व्हायला हवा होता. तो होतही होता. फक्त फाट्यापासून कुरखेड्यापर्यंत माझे तळहात गार होते.

घरी पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. शेजारच्या बायनाबाई अंगणात सुपात वाळलेला मोह निवडत बसल्या होत्या. सत्तरी गाठलेली बाई. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक कुडाची भिंत, इकडची शिंक तिकडे ऐकू जाते. त्या दिवशी कांता त्यांनाच सापडली होती.

मी त्यांच्यासमोर बसलो. "बाई, एक विचारू? ती गेली त्या दुपारी... तुम्ही घरातच होता ना?"

त्यांचे हात थांबले.

"तिने हाक मारली होती?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. मोहाचा गोड, आंबूस वास आमच्या मध्ये होता.

"दोन वर्सं झाले, सर," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, तुम्ही इचारानच नाई."

"सांगा."

"मारली न. 'लेखक' म्हने. मंग अखीन एक बार. मी उठली होती, भाऊ... आईच्या शपथेनं उठली होती. म्हनलं, पोरीले पानी गिनी पाह्यजे असंल. पाय खाली टाकला आन्..."

"आणि?"

"आन् तुमची ओ आयकली."

"माझी?"

"तुमचीच. तुम्ही कशी देता ते मले मालूम नाई काय? जराशी वढून... मले वाटलं, सर सकाळच्या गाडीनं वापस आले. म्हनून मी बसली परत. दोघंही बोलून राह्यले होते हळूहळू. ती हासली बी एकदा." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "सांजच्याले दिवा लागला नाई म्हनून गेली मी. पाहतो तं ती एकटी. आन् मंग तुम्ही आले... हातात पिशवी, नागपूरच्या गाडीनं. मी कशी सांगू? कोनाले सांगू? मले लोकं पागल म्हनले असते. आन् तुम्ही म्हनले असते, बाई, तू काऊन बसून राहिली?"

"मी तसं म्हणालो नसतो," मी म्हणालो.

"मी म्हनतो न सोताले," त्या म्हणाल्या. "रोज."

ती हसली एकदा. हे वाक्य घेऊन मी घरात आलो. ती घाबरली नव्हती. ज्याने कुणी ओ दिली त्याच्याशी ती बोलली होती, आणि तो मी आहे असं समजून हसली होती. या गोष्टीने मला जेवढं बरं वाटलं तेवढं दोन वर्षांत कशाने वाटलं नव्हतं. आणि याच गोष्टीने माझी झोप गेली. कारण प्रेसमध्ये मी तिची पहिली हाक ऐकली होती. दुसरी माझ्यापर्यंत का आली नाही, हे आता मला कळत होतं. तोवर कुणीतरी तिथे येऊन बसलं होतं. माझा आवाज घेऊन.

त्या दिवसापासून मी मनाशी एक ठरवलं. पुन्हा कधी हाक आली, तर दुसरीची वाट बघायची नाही. एका हाकेला ओ द्यायची. मग जे व्हायचं ते होवो.

दुपारी मी दाराशी, तिच्या वाचायच्या जागेवर, खुर्ची टाकून बसू लागलो. समोर कागद. दार सताड उघडं. जून लागला, आभाळ भरून यायचं आणि नुसतंच निघून जायचं. शाळा उघडायला चार दिवस राहिले होते. पलीकडे बायनाबाई भाचीकडे चिमूरला गेलेल्या. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. घड्याळात साडेबाराला पाच-सात मिनिटं कमी असतील.

"लेखक..."

अंगणातून. उन्हातून. थोडी दमलेली, लांबून चालत आल्यासारखी.

मी तयार होतो. महिनाभर मी त्या एका अक्षरासाठी तयार होतो. मी श्वास घेतला, ओठ उघडले...

"ओ!"

मी दिली नव्हती.

ती माझ्या पाठीमागून, आतल्या खोलीतून आली. जराशी ओढून. मी देतो तशी.

मी वळलो नाही. वळता आलं नाही. अंगणात पाऊल वाजलं, मग उंबऱ्यावर. समोरच्या उन्हात काहीच नव्हतं. बांगड्यांचा नाद मात्र दारातून आत आला. खुला नाही, थोडा बसका. माझ्या खुर्चीला लागून, माझ्या कोपराजवळून, तो आतल्या खोलीकडे गेला.

माझ्यापाशी थांबला नाही.